नोंद नसलेली सुई

प्रयोगशाळेत तिला सगळे पाठीमागे नियमबाई म्हणायचे आणि तोंडावर नुसतं बाई. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दोन्हींबद्दल तिची तक्रार नव्हती. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या त्या प्रयोगशाळेत तिची सत्तावीस वर्षं गेली होती, त्यातली शेवटची नऊ मुख्य तंत्रज्ञ म्हणून. काम पाण्याचं, म्हणजे पाण्यातल्या जंतूंचं. वॉर्डातले नळ, शॉवर, बर्फाचं यंत्र, डायलिसिसची खोली, सगळीकडचं पाणी बाटल्यांतून तिच्याकडे यायचं आणि त्यात मायकोबॅक्टेरिया आहेत का ते तिने बघायचं. रुग्णांचे नमुनेही यायचे.

"हे क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ," नवीन आलेल्या माणसाला ती सांगायची. "क्षयाचा जंतू माणसाकडून माणसाकडे जातो. हे मातीत, पाइपात, नळाच्या तोंडाशी राहतात. धडधाकट माणसाच्या सहसा वाटेला जात नाहीत. पण भावकी ती भावकी. फुप्फुस आधीच कमजोर असलं, किंवा कातडीला भोक पाडून तुम्हीच आत सोडलंत, की मुक्काम ठोकतात. क्लोरिनला भीक घालत नाहीत. साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. आणि नळातून पोटात जातात ते थेंबभर पाण्यात दोन-चार. आपल्या बाटलीत एका थेंबात कोट्यवधी असतात. तेव्हा 'पाण्यातलाच तर जंतू' असं या खोलीत कुणी म्हणायचं नाही."

नियम तिने स्वतः लिहून भिंतीवर लावले होते. जंतू वाढवलेली बाटली हवा ओढणाऱ्या बंद कपाटाबाहेर उघडायची नाही. गरगर फिरणारं यंत्र थांबलं की दहा मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. काही फुटलं तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार लावायचं आणि अर्धा तास आत पाऊल टाकायचं नाही, कारण सांडलेल्यापेक्षा हवेत उडालेलं जास्त वाईट. जंतुनाशक ओतल्यावर लगेच पुसायची घाई करायची नाही. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत: सुई वापरायची नाही.

हा सुईचा नियम सहा वर्षांपूर्वीचा. हे जंतू मेणचट असतात, एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. पूर्वीचे लोक त्या गुठळ्या फोडायला बारीक सुईतून पाणी खालीवर ओढायचे. बाईने ते बंद केलं आणि काचेचे मणी घातलेल्या नळ्या आणल्या. मण्यांबरोबर हलवलं की गुठळ्या फुटतात, मग नळी थोडा वेळ उभी ठेवायची. वेळ जास्त जातो, पण हात शाबूत राहतो.

कपाटाशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली होती, अपघातवही. कुणाला टोचलं, कापलं, काही फुटलं, सांडलं, तर त्यात लिहायचं. गेल्या दोन वर्षांत त्यात एकही ओळ पडली नव्हती. पाहणीला कुणी आलं की बाई ती वही स्वतः उघडून कोरी पानं दाखवायची.

शेवटची ओळ होती सावकाशची. सावकाश म्हणजे तिचा बरोबरीचा तंत्रज्ञ, पन्नाशी ओलांडलेला. प्रत्येक काम दमाने करायचा म्हणून हे नाव पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक नळी फुटली. अर्धा तास थांबायच्या ऐवजी त्याने तिथल्या तिथे फडक्याने पुसून टाकलं, आणि संध्याकाळी मनाला बरं वाटेना म्हणून स्वतःच वहीत लिहिलं. बाईने ती नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली आणि त्याला आठ महिने स्वयंपाकघरात पाठवलं. स्वयंपाकघर म्हणजे जंतूंचं खाद्य शिजवायची आणि बाटल्या उकळायची खोली. त्या वर्षी त्याची बढती हुकली ती हुकलीच.

सुई लागली त्या दिवशी कामाची नुसती रेटारेटी होती. डायलिसिसच्या पाण्यात मायकोबॅक्टेरिया सापडले होते आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते वरच्या डॉक्टरांना दुपारपर्यंत हवं होतं, म्हणजे चाचणी तरी लावलेली हवी होती. मण्यांच्या नळ्या निर्जंतुक करायचं यंत्र सकाळपासून बंद. फोनवर फोन येत होते. बाईने खणाच्या मागच्या बाजूला हात घातला. तिथे सुयांचं जुनं खोकं होतं, शंभर सुयांचं, सील न फोडलेलं. टाकून द्यायचं राहून गेलं होतं.

तिसऱ्यांदा ओढताना सुई घसरली आणि हातमोज्यातून डाव्या हाताच्या तर्जनीत शिरली.

तिने हातमोजा काढला. ठिपक्याएवढं रक्त आलं होतं. साबणाने धुतलं, स्पिरिट लावलं, नवा मोजा घातला आणि काम पुरं केलं. वहीकडे तिची नजर गेली. वहीतले रकाने तिनेच आखलेले होते. नाव. वेळ. काय झालं. कोणता नियम मोडला.

पाण्यातलाच तर जंतू, ती मनात म्हणाली.

तीन आठवड्यांनी बोटाच्या पेरावर वाटाण्याएवढी गाठ आली. जांभळट, दुखत नव्हती, पण दाबलं की ठणका लागायचा. आणखी दहा दिवसांनी नवऱ्याने तिला जवळजवळ ओढतच इस्पितळातल्याच, वरच्या मजल्यावरच्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, आता निवृत्त. आयुष्यभर अंधाऱ्या बोळकांड्यांत दोरखंडांकडे बघण्यात गेलं म्हणून की काय, निवृत्तीनंतर त्याने बैठकीच्या खोलीत माशांची मोठी काचेची टाकी आणली होती. त्यात दोन चपटे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे होते. त्यांची नावं थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, कारण दोघींचं एक क्षण पटायचं नाही. तळाशी फिरून गाळ खाणारा एक होता, तो कारकून. नवरा सकाळ-संध्याकाळ त्यांच्याशी गप्पा मारायचा. "माझ्याशी याच्या निम्मं बोलला असतात तर संसार आणखी गोड झाला असता," बाई म्हणायची. "त्या उलट उत्तर देत नाहीत ना," तो म्हणायचा.

डॉक्टरांनी बोट उजेडात धरलं, खालीवर फिरवलं.

"घरी माशांची टाकी आहे का?"

"आहे," नवराच म्हणाला.

"बाई, तुम्ही हात घालता त्या पाण्यात?"

"कधीमधी. हे बाहेरगावी असले की."

"मग बसला हिशोब. टाकीच्या पाण्यात एक मायकोबॅक्टेरिया असतो, बारीकशा खरचटलेल्या जागेतून शिरतो. तुम्हाला मी काय सांगणार, तुमचाच विषय." डॉक्टरांनी लिहायला कागद ओढला आणि मान वर न करता विचारलं, "कामावर काही टोचलं-कापलं नव्हतं ना?"

"नाही," बाई म्हणाली.

इतकं सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. शेजारी नवरा बसला होता, समोर डॉक्टर लिहीत होते, आणि शब्द मागे घ्यायला जेवढा वेळ मिळतो तेवढा निघून गेला. "तर मग सध्या तुकडा काढत नाही," डॉक्टर म्हणाले. "या दोन गोळ्या घ्या, महिन्याभराने बघू."

दुसऱ्या दिवशी बाई कामावरून आली तेव्हा तो फरशीवर बसून टाकीतलं पाणी नळीने बादलीत काढत होता. हातात कोपरापर्यंत मोजे.

"हे काय चाललंय?"

"कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरला देतोय. त्याला हवीच होती, वाट बघत बसणाऱ्या पोरांसाठी."

"अहो, पण इतकी घाई कशाला?"

"माझ्या हौसेपायी तुझ्या हाताला आजार झाला. आणखी किती दिवस ठेवू?"

तेव्हा सांगता आलं असतं. बाईने तोंड उघडलंसुद्धा. पण खाली दोन हमाल येऊन उभे होते, धाकटी जाऊ पिशवीत उड्या मारत होती, आणि नवरा इतक्या मनापासून त्या कामात गुंतला होता, की उद्या सांगू म्हणून ती कपडे बदलायला आत गेली. उद्याचा परवा झाला. त्या दिवसापासून नवऱ्याने तिला घरात पाण्यात हात घालू दिला नाही. भांडी तो घासायचा, कपडे तो पिळायचा, आणि मध्येच थांबून स्वतःचे हात साबणाने धुवायचा, पुन्हा पुन्हा, जणू तिला पुन्हा काही लागेल ते त्याच्याच हातून. बाई ते बघायची आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरायची.

गोळ्यांनी काही झालं नाही. महिना भरायच्या आत गाठ फुटली, आणि हाताच्या पाठीवर, पुढे मनगटापर्यंत, एकामागे एक तीन छोट्या गाठी ओळीने उठल्या. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी कातडीचा तुकडा काढला आणि तो तपासायला पाठवला कुठे, तर तिच्याच प्रयोगशाळेत.

तो नमुना सावकाशने घेतला. बाईने स्वतः त्याला हात लावायचा नाही, असा नियम होताच. पाचव्या दिवशी सकाळी सावकाश तिच्या टेबलापाशी आला. हातात जंतू उगवायच्या तीन बंद प्लेटा, चिकटपट्टीने गुंडाळलेल्या.

"बाई, तुमचा तुकडा उगवला."

"इतक्यात?"

"कालच दिसलं. चौथा दिवस. टाकीतला जंतू दोन-तीन आठवडे घेतो." तो नेहमीसारखाच सावकाश बोलत होता. "म्हणून काल दिवसभर दिव्याखाली ठेवल्या. तो असता तर उजेडात पिवळा पडला असता. हे पांढरेफटक."

"बाहेरून काहीतरी पडलं असेल."

"असेल. तिन्हींवर?"

सावकाशने खिशातून पेन काढलं. "अहवालात काय लिहू? नमुना खराब झाला, पुन्हा पाठवा, असं लिहू? तुम्ही म्हणाल तसं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच तिला जास्त लागलं. ती उठली, खणापाशी गेली आणि मागचं सुयांचं खोकं बाहेर काढलं. शंभरातली एक तिने वापरली होती. नव्व्याण्णव असायला हव्या होत्या. खोकं अर्ध्याहून जास्त रिकामं होतं.

"या कुणी वापरल्या?"

"सगळ्यांनीच. नळ्यांचं यंत्र अधूनमधून बंदच पडतं. मीही दोनदा वापरली."

"नियम भिंतीवर लिहिलाय ना!"

"लिहिलाय. पण तुमच्या हातात बघितली होती त्या दिवशी. म्हटलं, बाईच वापरतात म्हणजे आता चालत असेल."

बाई स्टुलावर बसली. "म्हणजे मला टोचलं तेही बघितलंत?"

"मोजा काढताना बघितलं."

"मग बोलला का नाहीत, सावकाशराव?"

त्याने प्लेटा ट्रेमध्ये नीट ठेवल्या. "आठ महिने स्वयंपाकघरात काढलेत, बाई. बोलायची सवय मोडली."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. बाईला दोन वर्षांची ती कोरी पानं आठवली, जी तिने पाहुण्यांना बोट लावून लावून दाखवली होती, आणि पहिल्यांदा वाटलं की तेवढ्या काळात इथे काय काय झालं असेल ते आपल्याला काहीच माहीत नाही.

तिने वही खिळ्यावरून काढली आणि लिहिलं. नाव, दोन महिन्यांपूर्वीची तारीख, वेळ. काय झालं: गुठळ्या फोडताना सुई डाव्या तर्जनीत गेली. नोंद केली नाही. डॉक्टरांनी विचारल्यावर खोटं सांगितलं. कोणता नियम मोडला: सुई वापरू नये. खाली जागा उरली होती. तिथे तिने लिहिलं: हा नियम मीच केला होता.

मग ती वही घेऊन प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम वयाने तिच्यापेक्षा लहान, एरवी तिला मान देऊन बोलणाऱ्या. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"डॉक्टरांनी सरळ विचारलं तरी नाही म्हणालात?"

"हो."

"महिनाभर चुकीच्या गोळ्या खाल्ल्यात. हात जाऊ शकला असता, कळतंय ना? तुम्हाला काय सांगायचं आता मी!" मॅडमचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "डायलिसिसवाला जंतू फ्रिजमध्ये आहे ना? दोन्ही ताडून बघा. आणि सगळ्यांना बोलवा."

सगळे म्हणजे सहा जण. बाईने स्वतःची नोंद उभं राहून मोठ्याने वाचली, दोन वर्षांपूर्वी सावकाशची वाचली होती तशीच. वाचून झाल्यावर तिने वही मिटली नाही. "सावकाशरावांनी तेव्हा खरं लिहिलं आणि मी त्यांना शिक्षा केली. ते चुकलं. त्यांची मी माफी मागते."

सावकाश कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "असू द्या बाई," तो म्हणाला. "सावकाश का होईना, आलात."

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोलीतली हवा जरा सैल झाली. मॅडम म्हणाल्या, सुयांचं खोकं आजच्या आज नष्ट करायचं, यंत्र दुरुस्त होईपर्यंत या चाचण्या बंद, वरच्यांना मी सांगते. आणि वहीत लिहिलं म्हणून यापुढे कुणाची बदली होणार नाही. कुणाला काही सांगायचं असेल तर सांगा.

मग बाटल्या धुणाऱ्या ताईंनी उजवा हात पुढे केला. ट्रेमध्ये कुणीतरी टाकलेली सुई त्यांना महिन्यापूर्वी टोचली होती. अंगठ्याच्या मुळाशी डाळीएवढी गाठ होती. "चामखीळ आहे म्हटलं," त्या म्हणाल्या. बाईने तो हात आपल्या हातात घेतला, बघितला आणि तशीच ताईंना घेऊन वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे गेली. स्वतःची गोष्टही तिने त्याच खेपेत डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त पेन खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या शब्दावर विसंबून मी आधी तुकडा काढला नव्हता."

ताईंची गाठ लहान होती, वेळेत कापून काढली गेली. चार महिने औषध घेऊन त्या बऱ्या झाल्या.

घरी सांगायचं बाकी होतं. नोंद वाचली त्या दिवशी बाई दुपारीच घरी आली. नवरा ओट्यापाशी भाजी चिरत होता.

"लवकर कशी आलीस? दुखतंय का?"

"अहो, माशांमुळे नाही झालं हे."

सुरी थांबली. तिने सगळं सांगितलं, खोक्यापासून ताईंच्या अंगठ्यापर्यंत. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. भाजीचे तुकडे ताटलीत सरकवले, सुरी धुतली, पुसली.

"दवाखान्यात मी शेजारीच बसलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"मासे गेले त्याचं सोड. मला वाटत होतं मी तुला आजारी पाडलं. रोज वाटत होतं. आणि तू बघत होतीस."

तिने चूक झाली म्हटलं, आणि ते तिला स्वतःलाच अपुरं वाटलं. चार दिवस तो तिच्याशी कामापुरतंही बोलला नाही. जेवण वाढायचा, पाण्याचा पेला भरून ठेवायचा आणि आपलं ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसायचा. ती रागवायला मोकळी नव्हती. तीस वर्षांच्या संसारात अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

दोन्ही जंतू ताडून पाहिले तेव्हा ते एकच निघाले. कोणतं औषध चालतं आणि कोणतं नाही, त्याची यादी ओळीन् ओळ सारखी. हाताची शस्त्रक्रिया सहाव्या दिवशी करायची ठरली. आदल्या संध्याकाळी नवरा दारात येऊन उभा राहिला.

"उद्या किती वाजता जायचंय?"

"साडेसात."

"सातला निघू. तिथे लिफ्ट एकच आहे आणि ती कशी चालते ते मला माहीत आहे."

शस्त्रक्रियेनंतर सलाइनमधून औषध सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात कानात घंटा वाजायला लागल्या म्हणून ते बदललं. मग गोळ्या, मळमळ, दर पंधरा दिवसांनी रक्ततपासणी. एकूण आठ महिने. गाठी गेल्या, पण तर्जनीचं मधलं पेर पुरतं वाकेना. व्यायाम शिकवणारी मुलगी रोज रबरी चेंडू दाबायला लावायची. बाईने अर्ध्या पगारी रजेतून परत आल्यावर कपाटाचं काम स्वतःहून सोडलं आणि सावकाशला त्या खुर्चीवर बसवलं. मुख्य तंत्रज्ञाचं पदही वर्षअखेरीस त्यालाच मिळालं. दातांच्या डॉक्टरने टाकी परत नेता का म्हणून विचारलं तेव्हा नवऱ्याने नको म्हटलं. पण आठवड्यातून एकदा तो तिथे जाऊन ती साफ करू लागला.

त्या वर्षी वहीत चौदा नोंदी झाल्या. मुख्य कार्यालयातून पत्र आलं: दोन वर्षं एकही अपघात नसताना या वर्षी चौदा, खुलासा करावा. मॅडमनी ते पत्र बाईकडे दिलं. बाईने उत्तराचे तीन मसुदे केले, तिन्ही फाडले, आणि शेवटी पत्र सावकाशकडे सरकवलं.

"तुम्हीच लिहा. आता हे तुमचं काम."

सावकाशने चष्मा पुसला. "किती दिवसांत पाठवायचंय?"

"पंधरा."

"मग चहा घेऊन सुरू करू," तो म्हणाला, आणि दोघं हात धुवायला नळाकडे गेले.